उन्हाची दिशा, माणसाचा होकार

सहलीहून परतल्यावर मोबाइलमध्ये सातशे-आठशे फोटो असतात आणि त्यातले आवर्जून कुणाला दाखवावेत असे जेमतेम चार-पाच निघतात. दोष बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या माथी मारला जातो. खरं कारण प्रवासाच्या आखणीत असतं. एका दिवसात पाच ठिकाणं, त्यातली तीन भर दुपारी, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं. एवढ्या वेळात 'आम्ही इथे येऊन गेलो' याची नोंद होते, त्यापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. प्रवासातल्या फोटोचं निम्मं काम कॅमेरा उचलण्याआधीच झालेलं असतं. ऊन कुठून आणि केव्हा येणार, आपण कुठे उभं राहायचं, समोर माणूस असेल तर त्याच्याशी ओळख कशी करून घ्यायची, हे ठरलेलं असलं की साधा मोबाइलही पुरतो. म्हणून पहिला सल्ला सामानाबद्दलचा नाही, वेळेबद्दलचा आहे. ठिकाणं कमी करा आणि प्रत्येक ठिकाणी जास्त थांबा.

पुढचं सगळं आपल्याच मुलखातल्या जागा डोळ्यांसमोर ठेवून सांगतो. लेणी-देवळं, आषाढी वारी आणि पावसाळ्यातला सह्याद्री या तीन ठिकाणी फोटो काढताना येतात तेवढ्या अडचणी जगात इतरत्र क्वचितच एकत्र भेटतील.

लेण्याचं तोंड कुठे आहे?

वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत. एवढी एक गोष्ट माहीत असली तरी दिवसाचा क्रम बदलतो. छत्रपती संभाजीनगरहून निघालेले बरेच जण सकाळी थेट वेरूळ गाठतात आणि परतताना दौलताबादचा किल्ला करतात. सकाळी कैलास लेण्यामागचा उभा कडा सूर्याला अडवून धरतो. दर्शनी भाग आणि अंगण सावलीत, वरचं आकाश मात्र झगझगीत. अशा वेळी एक तर दगड काळाठिक्कर येतो, नाही तर आकाश पांढरंफटक. क्रम उलटा करा. सकाळच्या गारव्यात दौलताबाद चढा, जेवण उरका आणि तीनच्या सुमाराला वेरूळला पोचा. उतरतं ऊन समोरून शिल्पांवर येतं, दगडाचा करडा-तपकिरी रंग उजळतो आणि कोरीव कामातली खोली दिसू लागते. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असतो, हेही निघण्याआधी लक्षात असू द्या.

कैलास वरून खाली कोरत आणलेला आहे. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, डोंगराच्या माथ्यापासून खणत खणत हे मंदिर मोकळं केलं गेलं. मागच्या बाजूला खोदकामाची खोली शंभर फुटांच्या वर जाते. अंगणात उभं राहून काढलेल्या फोटोत यातलं काहीच कळत नाही, कारण शिखर मावावं म्हणून मोबाइल वर तिरपा धरला की सगळं मंदिर मागे कलंडल्यासारखं येतं. लेण्याच्या बाजूने डोंगरावर चढणारी वाट आहे, तिने वर जा. काठापासून सुरक्षित अंतर ठेवून खाली पाहिलं की अखंड कातळातून मंदिर कसं सुटं केलं आहे ते एका नजरेत येतं. अंगणात चालणारी एक-दोन माणसं चौकटीत असू द्या. त्यांच्यामुळेच त्या खोदकामाचा आकार कळतो. ती जाण्याची वाट पाहण्याची सवय मोडायला हवी.

कार्ल्याचं चैत्यगृह आणि शेजारचं भाजे, दोन्हीही पश्चिमाभिमुख. दिवस कलल्यावर ऊन चैत्यगवाक्षातून आत शिरतं. कार्ल्याला तर लेण्याला लागूनच एकवीरा आईचं देऊळ आहे, त्यामुळे एकाच आवारात दोन हजार वर्षांपूर्वीचा कातळ आणि ओटी घेऊन आलेलं आजचं कोळी कुटुंब दोन्ही भेटतात. केवळ लेणं 'रिकामं' मिळावं म्हणून ही माणसं चौकटीबाहेर ढकलली, तर त्या जागेची अर्धी गोष्ट बाहेर राहते.

कुठल्याही वास्तूला जाण्याआधी नकाशावर तिची दिशा पाहा, आणि ऋतूही ध्यानात घ्या. डिसेंबरात सूर्य आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो, जूनमध्ये ईशान्येला उगवून वायव्येला. म्हणजे उत्तरेकडे तोंड असलेल्या किल्ल्याच्या दरवाजावर थंडीत समोरून ऊन पडणारच नाही. त्यासाठी उन्हाळ्यातली सकाळ किंवा संध्याकाळ गाठावी लागेल. आपल्या देवळांच्या स्थपतींनी हा हिशेब आपल्यापेक्षा बारकाईने केलेला होता. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीची किरणं महाद्वारातून थेट मूर्तीपर्यंत पोचतात, तो किरणोत्सव म्हणजे दिशेचाच अभ्यास आहे. गाभाऱ्यात फोटोला मनाई असते आणि ती पाळायचीच. तो सोहळा डोळ्यांनी पाहून मनात ठेवावा.

भर दुपार फोटोला वाईट, हा नियम बहुतेक वेळा खरा आहे, पण सरसकट नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळापुढे स्वर्गमंडप आहे. त्याच्या छताला मधोमध गोल मोकळं आकाश ठेवलेलं आहे. तिथे दुपारचंच ऊन हवं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात सूर्य त्या भागात जवळजवळ डोक्यावर येतो, तेव्हा वरून पडलेला उजेडाचा गोल जमिनीवर स्पष्ट दिसतो आणि खालच्या दगडावरून उसळलेला प्रकाश भोवतालच्या खांबांवर चढतो. एरवी नकोशा वाटणाऱ्या वेळेला अशा जागा शोधून ठेवाव्यात. वाड्यांचे चौक, बारवा, झरोक्याच्या खोल्या दुपारीच खुलतात.

आता काळ्या दगडाची अडचण. कॅमेऱ्यातलं प्रकाशमापन समोरचं दृश्य मध्यम करड्या छटेचं आहे असं गृहीत धरून चालतं. आपला कातळ काळा. कॅमेऱ्याला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो फोटो उजळवतो आणि हेमाडपंती देऊळ सिमेंटचं असल्यासारखं राखाडी दिसतं. उपाय सोपा आहे. कॅमेरा असेल तर एक्स्पोजर अर्ध्या ते एका टप्प्याने कमी करा. मोबाइलवर दगडाला बोट लावा आणि बाजूला दिसणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. दगड काळा राहिला पाहिजे. पावसात भिजलेला असेल तर त्याची चकाकी हीच त्याची शोभा असते.

अजिंठ्यात याच्या उलट अवस्था होते, कारण तिथे उजेडच तुटपुंजा. चित्रांच्या लेण्यांत, म्हणजे १, २, १६ आणि १७ या क्रमांकांच्या लेण्यांत, फ्लॅशला मनाई आहे. तीव्र प्रकाशाने रंगांवर परिणाम होतो. शिवाय मोबाइलचा फ्लॅश पाच-सहा हातांपलीकडे पोचतही नाही. कॅमेऱ्यात आयएसओ ३२०० किंवा ६४०० पर्यंत वाढवा, थोडे दाणे येऊ द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून कोपरं अंगाशी घट्ट धरून, श्वास सोडून, लागोपाठ चार-पाच फोटो घ्या. त्यातला एक तरी स्थिर येतो. आधारासाठी चित्रांच्या भिंतीला किंवा रंग असलेल्या खांबाला कधीही टेकू नका. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी प्रत्येकाला हवा असतो, आणि त्याचे उत्तम फोटो पुस्तकांत आहेतच. तुम्ही थोडं मागे सरकून तो ज्या भिंतीवर, ज्या खांबांआड आणि ज्या अंधारात आहे ते टिपलंत तर बरं. पुस्तकात सहसा न सापडणारी गोष्ट तीच असते. वाघुर नदीच्या वळणावर नालाच्या आकारात लेणी असल्यामुळे प्रत्येकाची उन्हाची वेळ निराळी आहे, तेव्हा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा नुसतं चालून या आणि मग कॅमेरा काढा.

याच अजिंठ्यात मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून अनेक वर्षं चित्रांच्या नकला केल्या. त्यातल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याआधीच गिल यांनी कॅमेराही हाती घेतला होता आणि १८६४ मध्ये त्यांची लेण्यांची छायाचित्रं जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाली. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काच जागेवरच रसायनात बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायची. एका फोटोमागे एवढा खटाटोप असल्यावर माणूस दहादा विचार करूनच जागा निवडत असे. आपल्याला तो त्रास नाही, पण अधूनमधून एखादा दिवस मोजकेच फोटो काढायचे ठरवून पाहा. डोळा जास्त काम करू लागतो.

वास्तूंबद्दल बोलताना एक गोष्ट मला विशेष आग्रहाने सांगायची आहे, ती वीरगळ, सतीशिळा आणि शिलालेखांची. गावोगावी देवळाच्या मागे, वडाच्या पारावर, शेताच्या बांधावर हे दगड पडून आहेत, झिजत आहेत, बांधकामात गाडले जात आहेत. त्यांचा नीट फोटो ही खरी नोंद आहे. झिजलेलं कोरीव काम समोरच्या प्रकाशात सपाट दिसतं. तिरक्या प्रकाशात मात्र नखाएवढा उठावही सावली टाकतो. सूर्य उगवल्यावर किंवा मावळण्याआधी जा. ते जमलं नाही तर सांजावल्यावर एकाने दगडाच्या कडेला, जवळजवळ चिकटून, टॉर्च धरावी आणि दुसऱ्याने समोरून फोटो घ्यावा. टॉर्च एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून धरा. आदल्या फोटोत न लागलेलं अक्षर पुढच्यात लागतं. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, पीठ, तेल, कोळसा काहीही लावू नका. दगडाचं नुकसान होतं आणि चुकीच्या वाचनाला खतपाणी मिळतं. एक फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून काढा, एक आजूबाजूचा परिसर दिसेल असा काढा आणि गाव-तालुका लिहून ठेवा.

माउली, एक फोटो काढू का?

माणसांचे फोटो वास्तूपेक्षा अवघड, कारण समोरच्याला मन असतं. मला वाटतं आपल्याकडच्या प्रवासी छायाचित्रणाची सर्वांत दुबळी बाजू हीच आहे. लांबून मोठ्या लेन्सने सुरकुतलेला चेहरा टिपायचा, नाव विचारायचं नाही, आणि खाली 'ग्रामीण महाराष्ट्र' असं लिहून मोकळं व्हायचं. त्या आजींना नाव आहे, गाव आहे, त्या कुठल्या तरी दिंडीतून चालत आल्या आहेत. ते विचारल्याशिवाय फोटो पुरा होत नाही.

वारी हे शिकण्यासाठी उत्तम ठिकाण आहे. ज्ञानेश्वर माउलींची पालखी आळंदीहून आणि तुकोबांची देहूहून निघते. पुण्याहून पुढे दिवे घाटाच्या वळणांवरून चढणारी वारकऱ्यांची रांग दरवर्षी हजारो कॅमेरे टिपतात. तो फोटो जरूर घ्या, पण त्यासाठी सगळा दिवस घालवू नका. वारीचा खरा ठेवा मुक्कामाच्या गावी असतो. दुपारी पालखी विसावली की पाय दाबून घेणारे, टँकरपुढे हंडे लावणारे, तीन दगडांच्या चुलीवर पिठलं टाकणारे, चपला शिवून देणारे, विनामोबदला दाढी करून देणारे नाभिक बांधव, भारुडाची तयारी करणारी मंडळी, सगळं तिथे दिसतं. शक्य असेल तर दोन मुक्काम एकाच दिंडीबरोबर चाला. पहिल्या दिवशी लोक कॅमेऱ्याकडे बघतात, दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे बघतात आणि त्यानंतर आपापल्या कामाला लागतात. फोटो तेव्हापासून मिळू लागतात.

विचारायचं कसं, हा प्रश्न पुष्कळांना अडवतो. वारीत प्रत्येक जण प्रत्येकाला माउली म्हणतो, तेव्हा वेगळं संबोधन शोधावं लागत नाही. नमस्कार करा, कुठून निघालात, कितवी वारी, दिंडी कुठली, एवढं विचारा, आणि मग 'माउली, एक फोटो काढू का?' कॅमेरा तोपर्यंत गळ्यातच राहू द्या, डोळ्याला लावू नका. मासळी बाजारात, उदाहरणार्थ दापोलीजवळ हर्णेच्या लिलावात, 'मावशी, काय भाव?' पासून सुरुवात होते, आणि तिथे धंद्याच्या ऐन गर्दीत मध्ये उभं राहून वाट अडवलीत तर हक्काने बोलणी बसतात. लिलाव आवरेपर्यंत कडेला थांबा. मान हलली, हात आडवा आला, पदर चेहऱ्यावर ओढला गेला, की तो नकार समजायचा आणि तिथेच विषय संपवायचा. लपून पुन्हा प्रयत्न करणं हा अपमान आहे.

होकार मिळाला की माणूस ताठ उभा राहतो, हात सरळ, चेहरा गंभीर. तोही फोटो मनापासून घ्या, कारण त्याला स्वतःला तसाच फोटो हवा असतो. तो दाखवा. त्यानंतर गप्पा चालू ठेवा; हात हलू लागतात, टाळ पुन्हा हातात येतात, नजर सैल होते. दुसरा फोटो तेव्हा.

उजेडाचं गणित इथे वेगळं आहे. पांढरी टोपी, पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि सावळा चेहरा. कॅमेरा पांढऱ्याला भुलून सगळंच मंद करतो आणि चेहरा अंधारात जातो. म्हणून मोबाइलवर बोट कपड्यांवर न लावता गालावर लावा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर अर्धा-पाऊण टप्पा वाढवा. टोपीच्या कडेची सावली डोळ्यांवर पडत असेल तर त्या गृहस्थांना तंबूच्या किंवा झाडाच्या सावलीच्या अगदी काठावर यायला सांगा, तोंड उजेडाकडे करून. आषाढातलं ढगाळ आकाश तर चेहऱ्यांसाठी वरदानच आहे. मऊ, सगळीकडून येणारा प्रकाश, डोळे मिटवणारं ऊन नाही. निरभ्र दिवसाची वाट बघू नका.

रिंगणाला मात्र आधीपासून जागा धरून बसावं लागतं. लोणंद आणि तरडगावच्या मध्ये चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, पुढे गोल रिंगणं होतात. पताकावाले, तुळशी-हंडेवाल्या, विणेकरी धावतात आणि शेवटी अश्व सुटतात. शटर १/१००० ठेवा आणि घोडा जिथून जाणार ती जागा आधीच फोकस करून ठेवा. रिंगणाच्या वाटेत एक पाऊलही टाकू नका. यात श्रद्धेचा मान आहे आणि जिवाची काळजीही. अश्व निघून गेला की बहुतेक जण कॅमेरे खाली घेतात. त्याच क्षणी लोक धाव घेऊन टापांखालची माती कपाळाला लावतात, आणि मग उडीचा खेळ सुरू होतो. मला तो फोटो घोड्याच्या फोटोपेक्षा मोठा वाटतो, म्हणून बोट शटरवरून काढू नका.

जेजुरीत सोमवती अमावस्येला भंडाऱ्याचा रंग फोटोत फिका येतो अशी तक्रार ऐकू येते. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स सगळीकडचा पिवळा पाहून तो आपणहून उतरवतो. तो बंद करून 'ऊन' या स्थिर पर्यायावर ठेवा. भंडारा अतिशय बारीक असतो, कॅमेरा प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि गडावर लेन्स बदलू नका.

काही फोटो काढायचेच नसतात. नीरेवर किंवा चंद्रभागेत स्नान करणाऱ्या बायका, उघड्यावर कपडे बदलणारी माणसं, थकून अस्ताव्यस्त झोपलेले वारकरी, आजारी माणसं. तिथे गर्दी सार्वजनिक आहे, पण त्या माणसाचं अंग सार्वजनिक नाही. लहान मुलांच्या बाबतीत आई-वडिलांना विचारा, आणि फोटो काढायला मिळालेली परवानगी तो जगजाहीर करायची परवानगी आहे असं मानू नका; ती वेगळी मागा. मेळघाटात कोरकू किंवा गडचिरोलीत माडिया वस्तीवर जाताना त्यांची भाषा बोलणारं ओळखीचं माणूस बरोबर असू द्या, आणि 'जुना पोशाख घाला, दागिने घाला' अशी मागणी करू नका. आज त्यांच्या अंगावर टी-शर्ट असेल तर तो आजचा खरा फोटो आहे. पैशांबद्दल माझं मत असं, की फोटोमागे दहा-वीस रुपये हातावर ठेवण्याची रीत पाडू नये. पुढच्या प्रवाशाला त्यातून माणसं भेटत नाहीत, दर भेटतात. विक्रेत्याकडून वस्तू विकत घ्या, चहा घेत बसा, आणि फोटो पाठवायचं कबूल केलंत तर पाठवाच.

पाऊस, धुकं आणि कास

सह्याद्रीचे फोटो म्हणजे हिरवा डोंगर आणि ढग, एवढंच बहुतेकांच्या मनात असतं. पावसाळ्यातलं खरं वैभव पदरांत आहे. एकामागे एक पुसट होत जाणाऱ्या डोंगररांगा पाऊस उघडल्यावरच्या अर्ध्या तासात सर्वांत स्वच्छ दिसतात. त्यासाठी छत्री धरून उभं राहायची तयारी हवी. धुक्यात कॅमेरा पुन्हा फसतो. पांढरं धुकं करडं करून ठेवतो, तेव्हा एक्स्पोजर वाढवा. धुकं दहा-पंधरा सेकंदांसाठी फाटतं आणि समोरचा बुरूज दिसून पुन्हा गडप होतो. त्या वेळी सेटिंग शोधत बसलात तर संपलं. सगळी तयारी आधी करून ठेवा.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे. सूर्यास्ताला तिथे गर्दी होते, पण धुकं भरलेल्या दरीच्या काठावर सकाळी सूर्य पाठीशी असतो, आणि नशीब असेल तर ढगावर आपल्या सावलीभोवती इंद्रवज्र, म्हणजे इंद्रधनुष्यासारखं पूर्ण गोल रंगीत वलय, उमटतं. ते पुसट असतं, म्हणून इथे एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. नाणेघाटात वाऱ्याच्या झोताने धबधबा उलटा वर उडतो. १/१००० ला थेंब सुटे दिसतात, १/१५ ला वाऱ्याचा ओघ दिसतो, दोन्ही घ्या. लेन्सवर तुषार बसतातच, म्हणून वाऱ्याकडे पाठ करून पुसा, वळा, काढा, पुन्हा पुसा. साध्या धबधब्याला पाव ते एक सेकंद पुरेसं आहे, त्याहून जास्त ठेवलं तर पाण्याचा पोतच जातो. कॅमेरा वापरत असाल आणि एकच फिल्टर घ्यायचा असेल तर पोलरायझर घ्या. ओल्या पानांवरची आणि कातळावरची पांढरी चमक तो काढतो आणि हिरवा रंग आपोआप खरा दिसतो.

कड्याच्या टोकावर, शेवाळलेल्या खडकावर, वाहत्या ओढ्यात फोटोसाठी उतरू नका. दर पावसाळ्यात माणसं अशी जातात. कुठलाही फोटो तेवढ्या मोलाचा नाही.

साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत आलं आणि तेव्हापासून तिथली गर्दी वाढतच गेली. सप्टेंबर हा मुख्य बहर, थोडा पुढे-मागे पावसावर अवलंबून. सुट्टीचा दिवस टाळा, आधी आरक्षण करा आणि सकाळी पोचा. सीतेची आसवं, तेरडा, सोनकी यांचे गालिचे लांबून रंगाचे दिसतात, पण एकेक फूल अगदी लहान असतं. फुलांत बसून किंवा आडवं पडून काढलेल्या प्रत्येक फोटोखाली चिरडलेली रोपं असतात. पायवाटेवरच बसा, कॅमेरा वाटेच्या कडेला जमिनीलगत न्या. खालून पाहिलं की पातळ पसरलेली फुलं एकमेकांमागे दाटतात आणि पाऊल न टाकता गालिचा मिळतो. कारवीचा बहर सात-आठ वर्षांनी येतो, तेव्हा त्या वर्षी कास, भीमाशंकर, माळशेजच्या बातम्यांवर लक्ष ठेवा. दुर्मीळ फूल किंवा पक्ष्याचं घरटं सापडलं तर त्याची नेमकी जागा फोटोबरोबर जाहीर करू नका, आणि घरट्याचा फोटो तर काढूच नका. माणसाची ये-जा वाढली की पक्षी घरटं सोडून जाण्याची भीती असते.

काजव्यांबद्दलही हेच. मेअखेरीस आणि जूनच्या आरंभी भंडारदरा, राजमाची भागात झाडं लखलखतात. ट्रायपॉड, वीस-तीस सेकंदांचं एक्स्पोजर, आणि पूर्ण अंधार. गाडीचे दिवे आणि टॉर्चचे झोत काजव्यांच्या परस्पर खुणा बिघडवतात, म्हणून उजेड असतानाच जागेवर पोचा आणि मग हालचाल करू नका. ड्रोन न्यायचा असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार तो भाग कुठल्या रंगाच्या क्षेत्रात येतो ते आधी पाहा. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंवर, वारीच्या गर्दीवर आणि अभयारण्यांवर परवानगीशिवाय उडवू नका.

सामान आणि घरी आल्यावर

वातानुकूलित गाडीतून दमट हवेत कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर लगेच वाफ धरते. उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं गाडीतला एसी बंद करा किंवा कॅमेरा बंद पिशवीतच बाहेरच्या हवेला सरावू द्या. कोकणच्या आणि घाटाच्या हवेत लेन्समध्ये बुरशी फार लवकर लागते. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवून कपाटात टाकू नका. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि पुड्या ओल्या झाल्या की बदला. मोबाइलवाल्यांनी रोज सकाळी लेन्स मऊ सुती कापडाने पुसावी. बोटांच्या तेलकटपणाने फोटो जेवढे धूसर होतात तेवढे धुक्यानेही होत नाहीत.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री फोटो दोन ठिकाणी उतरवून घ्या. रंग वाढवण्याचा मोह आवरा. सह्याद्रीचा हिरवा पोपटी नाही. भाताच्या खाचरांचा, कारवीच्या पानांचा, शेवाळाचा हिरवा वेगवेगळा असतो आणि एकाच पट्टीने वाढवला की तो फरक मरतो. निवडलेल्या प्रत्येक फोटोखाली जागा, तालुका, तारीख, देवतेचं किंवा शिल्पाचं नाव, आणि माणूस असेल तर त्याच्या संमतीने त्याचं नाव आणि गाव लिहा. नावं लिहून घ्यायला खिशात वही ठेवा, कारण तिसऱ्या दिवशी ती आठवत नाहीत. ज्यांना फोटो देण्याचा शब्द दिला त्यांची यादी त्याच वहीत वेगळी करा. व्हॉट्सॲप असलेल्यांना त्याच आठवड्यात पाठवा. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी पोस्टकार्डाएवढी प्रिंट काढा, मागे नाव आणि तारीख लिहा, आणि पोस्टाने पाठवताना पत्त्यात वाडी, पोस्ट, तालुका, जिल्हा आणि पिनकोड असं सगळं नीट घाला.